काळ्या जमिनीवरची डांबरी वाट: आधी कडा बघा, मग भेग भरा

फाटकापासून पोर्चपर्यंत डांबरी वाट केली की काही उन्हाळ्यांत काठापासून वीत-दोन वीत आत, काठाला समांतर अशी लांबच लांब भेग पडते. परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या भारी जमिनीत हे नेहमीचंच. डांबरवाल्याला बोल लावला जातो, पण मूळ दुखणं बहुधा मातीत असतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. डांबराखालची माती ओल धरून राहते, कडेची उघडी माती आधी वाळते. कडा खाली बसते, मधला भाग जागेवर राहतो आणि दोन्हींच्या मध्ये डांबर फाटतं.

खात्री करायची तर मे महिन्यात भेगेत एक कडक तार सोडा. घरच्या वाटेवर डांबराचा थर बहुतेक 25 ते 40 मिमी असतो. तार वीतभर खाली गेली, तर भेग मातीतून वर आलेली आहे.

अशी भेग नुसती बुजवून उपयोग नाही. कूलरचं पाणी, गच्चीचा पाइप किंवा गुलाबाचा वाफा काठाला लागून असेल, तर तो आधी हलवा. एक बाजू रोज ओली आणि दुसरी कोरडी, हे सगळ्यात वाईट. काठाजवळचा कडुलिंबही उन्हाळ्यात मातीतली ओल ओढतो. दोन्ही कडांना 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल काळी माती काढून चांगला मुरूम भरा. तो 10-10 सेंमीच्या थरात पाणी मारून धुमसाने ठोका आणि वाटेपासून बाहेर 2.5 सेंमी उतार द्या.

भेग भरायला फेब्रुवारी-मार्च बरा: पाऊस नाही आणि भेग अर्धवट उघडलेली. मेमध्ये पूर्ण फाकलेली भेग काठोकाठ भरली, तर पावसाळ्यात माती फुगून माल वर येतो. तारेच्या ब्रशने आतली माती, गवताची मुळं खरवडा, ब्लोअर मारा. धूळ राहिली की डांबर धुळीला चिकटतं, कडेला नाही. खोल भेगेत खाली कोरडी चुरी (दगडाचा बारीक चुरा) ठासून वरचे 25 मिमी मोकळे ठेवा, नाहीतर भरायचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) सगळं खाली झिरपून जातं.

3 मिमीपर्यंतच्या भेगेत नुसतं इमल्शन पुरतं. त्याहून रुंद असेल तर 10 किलो बारीक चुरीला साधारण 2 लिटर एसएस-2 (सावकाश फुटणारं) इमल्शन आणि ओतता येईल इतकंच पाणी. इथे आरएस-1 (झटपट फुटणारं) इमल्शन घेऊ नका. ते चुरीला लागताच फुटतं, म्हणजे डांबर पाण्यापासून सुटतं, आणि घमेल्यात गोळे होतात. 12 मिमी रुंद, 25 मिमी खोल, 10 मीटर लांब भेगेला 3 लिटर माल लागतो. ओतताना रंग तपकिरी असतो. तो काळा झाला की इमल्शन फुटलं. पाणी उडाल्यावर माल खाली बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. पृष्ठभागापेक्षा 2-3 मिमी खालीच थांबा आणि वर कोरडी चुरी भुरभुरा, म्हणजे टायरला चिकटत नाही. सिमेंटची रबडी मात्र ओतू नका. ती लवचीक नसते, शेजारी नवी भेग पाडते.

मगरीच्या पाठीसारखी जाळी पडली असेल तर भेगा भरण्यात पैसे घालू नका; तिथला पायाच गेलेला असतो. जाळीच्या चारी बाजूंनी 30 सेंमी पुढे चौकोनी कापून, चिखल झालेला थर निघेपर्यंत खणा. खडी-मुरूम थराथराने ठोकून भरा, वरचे 50 मिमी सोडा. तळाला आणि उभ्या कडांना आरएस-1 चा पातळ हात द्या. वर कोल्ड मिक्स (गरम न करता वापरायचा डांबर-खडीचा तयार माल) भरा: एक चौरस मीटरला साधारण 115 किलो, म्हणजे 25 किलोच्या पाच पिशव्या. सैल माल 65 मिमी पसरला की ठोकून 50 वर येतो. ठोकताना कडेकडून मध्याकडे या.

मे अखेरीस भरलेल्या भेगा एकदा तपासा. बाजूने केसासारखी फट सुटली असेल, तर पहिल्या पावसाआधी ती झाडून तिच्यात इमल्शन सोडा.