ओला दुपट्टा आणि कोरडी टाकी

रविवार, रात्री अकरा

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे आणि मी आज सकाळी भर साडेअकराला फियाट बाहेर काढली. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, 1978 ची, पण तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला नागपुरात अजून भेटायचा आहे. बाबांना मनीषनगरला आत्याकडे न्यायचं होतं. वर्धा रोडवर उज्ज्वलनगर मेट्रो स्टेशनच्या थोडं अलीकडे गाडीने दोन उचक्या दिल्या आणि थांबली. डोक्यावर उड्डाणपूल, त्याच्याही डोक्यावर मेट्रो. निदान सावली तरी मिळाली.

मी ताबडतोब ठरवलं की हा व्हेपर लॉकच. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. उन्हाळ्यात तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. कार्बोरेटर उपाशी. यावर पिढीजात उपाय ओल्या कपड्याचा. बाबांच्या डोक्याचा दुपट्टा घेतला, प्यायचं पाणी त्यावर ओतलं, पंपाला गुंडाळला आणि वीस मिनिटं उभा राहिलो. सेल्फ मारला. काही नाही. पुन्हा पाणी, पुन्हा वीस मिनिटं.

"पेट्रोल आहे ना रे?" बाबांनी विचारलं.

"आहे ना बाबा. तुमच्याच वहीत लिहिलंय, दोन लिटर बाकी."

ही वही म्हणजे आमचा पेट्रोलचा काटा. खरा काटा दोन वर्षांपासून शून्यावर मरून पडलेला, टाकी फुल्ल केली तरी हलत नाही. म्हणून बाबा पेट्रोल भरलं की लिटर लिहितात, गाडी घरी आली की किलोमीटर लिहितात आणि शहरात लिटरला अकरा धरून वजाबाकी करतात. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाचा हिशेब, चुकत नाही. फक्त काल मी कार्बोरेटरची आयडलिंग लावायला गाडी तासभर जागेवर चालू ठेवली होती, तिचे किलोमीटर शून्य. आणि शुक्रवारी संध्याकाळी आमचे चिरंजीव मित्रांना घेऊन फुटाळा तलावावर जाऊन आले, ते वहीपर्यंत पोचलंच नाही.

टाकीचं झाकण उघडून गाडी ढकलून हलवली. आतून आवाज आला नाही.

पंपावर चालत गेलो तर बाटलीत देत नाही म्हणाले, आणि ते नियमाने बरोबरच आहे. शेवटी आत्याचा मुलगा मोटरसायकल घेऊन आला, नळी लावून तिच्यातलं दीड लिटर फियाटमध्ये उतरवलं. बाबा पूर्ण वेळ काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

सोमवार

ऑफिसातून येताच डॅशबोर्ड खोलायला घेतला. तिथे काटा दिसतो, म्हणून बिघाडही तिथेच असणार, असं माझं शास्त्र. मीटरचे स्क्रू काढले, मागची एक जुनी वायर हातात आली, दोन बल्ब काढून पुसले. आता काटा तर मेलेलाच, वर स्पीडोमीटरचा दिवाही गेला.

"काहून तिथून सुरू करून राहिला तू?" बाबा खुर्चीवरून म्हणाले. "टाकीकडून ये."

गुरुवार

वीज गेली होती, गॅरेजमध्ये बॅटरीचा कंदील. पण आज जरा डोकं लावून काम केलं.

यंत्रणा तशी साधी आहे. टाकीत एका दांड्यावर पितळी फ्लोट तरंगतो. दांड्याचं दुसरं टोक तारेच्या गुंडाळीवर सरकतं आणि त्यामुळे रेझिस्टन्स बदलतो. फ्लोट वर असला की करंटला वाट सोपी, काटा वर. फ्लोट खाली गेला की वाट अवघड, काटा खाली. करंट मीटरमधून येतो, टाकीवरच्या या फ्लोट-गुंडाळीच्या युनिटमधून जातो आणि टाकीच्या पत्र्यातून गाडीच्या बॉडीत परततो. निदान आमच्या गाडीत हे असं आहे. काही कंपन्यांचं बरोबर उलटं असतं, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचं ज्ञान इथे चालवू नये. अजून एक लक्षात घेतलं: पेट्रोल आणि टेंपरेचर असे दोन्ही काटे एकदम वेडे झाले असते, तर मीटरकडे येणाऱ्या सप्लायवर संशय घेतला असता. आमचा टेंपरेचरचा काटा ठणठणीत आहे. हे सोमवारी सुचायला हवं होतं.

परीक्षा दोन मिनिटांची. डिकी रिकामी केली. जॅक, दोरी, एक छत्री, आणि गेल्या हंगामातलं एक संत्रं, आता सुपारीएवढं. टाकीच्या युनिटवरची वायर काढली. इग्निशन ऑन. पोराला समोर काट्याकडे बघत बसवला आणि वायरचं टोक टाकीपासून लांब, बॉडीच्या घासलेल्या पत्र्याला टेकवलं.

"बाबा! चढला! पूर्ण चढला!"

लगेच वायर काढली. क्षणभरच टेकवायची असते. जास्त वेळ धरली तर मीटरमधली बारीक तार जळू शकते, आणि पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी उडवत बसू नये हे वेगळंच.

म्हणजे काटा चांगला, मीटर चांगलं, पुढून मागे आलेली सगळी वायर चांगली. सोमवारी मी जे जे खोललं त्यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघडलं ते मी खोलल्यावर.

शनिवार

सकाळी मोमिनपुऱ्याकडचे मिस्त्री आले. ही गाडी ते बाबांच्या नोकरीच्या दिवसांपासून ओळखतात. डिकीत वाकले, टाकीवर नख ओढलं आणि मान वळवून विचारलं, "भाऊ, हा रंग कोनं मारला?"

मी मारला होता. दोन वर्षांपूर्वी टाकी गंजली म्हणून काढली, घासली आणि गंज पुन्हा येऊ नये म्हणून काळ्या रंगाचे तीन जाड हात दिले. बसवताना खाली आवाज नको म्हणून रबराच्या पट्ट्या घातल्या. नट-बोल्टांखालीही रंग. पुढे जाणारी नळी रबराची. म्हणजे टाकी आणि बॉडी यांचा लोखंडाला लोखंड असा संबंधच मी तोडून टाकला होता. टाकीला अर्थिंगच, म्हणजे करंटला परतायची वाटच, राहिली नव्हती. काटा मेला आणि टाकी रंगवली, दोन्ही एकाच महिन्यातलं. तारखा वहीत समोरासमोर आहेत. दोन वर्षं मी ती वही रोज उघडत होतो.

मिस्त्रींनी वायरचा एक तुकडा युनिटच्या स्क्रूला लावला, दुसरं टोक बॉडीला. काटा जागा झाला. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो, पण तो पावाच्या जरा वर जाऊन थांबला, आणि टाकीत तर कालच भरलेलं निम्म्याहून जास्त पेट्रोल होतं.

"अजून काही तरी आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांना आनंदच झाला असावा.

बॅटरीची वायर काढून युनिट बाहेर घेतलं. फ्लोट कानाशी हलवला, आत छळछळ. पेट्रोल शिरलेलं. बुडत नव्हता, पण अर्धवट बुडून पोहत होता. भोक कुठे ते डोळ्यांना दिसेना. मिस्त्रींनी आईकडे उकळतं पाणी मागितलं, पातेलं गॅसपासून लांब अंगणात ठेवलं आणि फ्लोट त्यात दाबून धरला. आतली हवा तापून फुगली आणि जोडाच्या एका कडेने बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. इतकी साधी युक्ती, आणि मी इंजिनीअर.

आतलं पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावं लागलं, कारण त्याआधी गरम सोल्डरिंग आयर्न त्याच्याजवळ नेणं म्हणजे जिवाशी खेळ. त्या वेळात तर्री पोहे आले. मग मिस्त्रींनी टाचणीच्या डोक्याएवढा डाग दिला. जास्त दिला तर फ्लोट जड होतो आणि काटा कायम थोडं कमी दाखवतो. कॉर्कचं पॅकिंगही फुगून चिरलं होतं, ते बदललं. जुन्या गाड्यांच्या रबर-कॉर्कला आताचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मानवत नाही, वर इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणजे पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीला गंजाचं निमंत्रण. 2014 मध्ये इथेनॉलवरची हिरवी बस याच शहरात पहिल्यांदा धावली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो, फोटोही काढला होता. तेव्हा स्वतःच्या टाकीचा विचार मनात आला नव्हता.

शेवटी एका बोल्टाखालचा रंग मीच घासून काढला आणि तिथून बॉडीपर्यंत पक्की वायर टाकली. मिस्त्रींनी घासू दिलं. मुद्दाम.

रविवार

काटा चालतो, पण त्याची भाषा कळायला हवी. बाबांचं म्हणणं, टाकी जवळजवळ रिकामी कर, मग पाच-पाच लिटर भर आणि दर वेळी काटा बघ. काढून घेतलेलं पेट्रोल शेजाऱ्यांच्या स्कूटरला दिलं (त्यांनी दोनदा विचारलं, खरंच फुकट का?) आणि सकाळी सहाला, रांग नसताना, पंपावर गेलो.

पाच लिटर. काटा शून्यावरच. "अजून पाच." पावाच्या खाली. "अजून पाच." पंपावरचा पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला की हे पैसे उसने मागून मागून भरतायत. बाबा काचेतून आकडा सांगत होते, मी मशीनजवळ उभा. वीस लिटरला काटा अर्ध्याच्या किंचित वर. म्हणजे शून्य दाखवत असतानाही आत चार-पाच लिटर असतं आणि अर्ध्यानंतर काटा भराभर उतरतो. वळणावर तो डोलतो, ते तसंच राहणार. आत पेट्रोलच हिंदकळतं.

घरी आल्यावर म्हटलं, "बाबा, आता वही बंद करायची का?"

त्यांनी चष्मा लावला, पट्टी घेतली आणि नव्या पानावर रेघा आखल्या. तारीख, किलोमीटर, लिटर, काटा. मग शेवटी अजून एक रकाना पाडला आणि वर लिहिलं: 'जागेवर चालू, मिनिटं'. त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, 'फुटाळा'.