तुम्ही विचारलंत म्हणून: वरचं पाणी

"परजीवी तांबड्या पेशीच्या आत बसलेला असतो, मग तुम्ही बाहेरचं पाणी का तपासता?" मी मलेरियावर काम करते हे कळलं की हा प्रश्न येतोच. रास्त आहे. कित्येक वर्षं मीही तेच धरून चालले होते. कल्चर, म्हणजे परजीवींसकट वाढवलेल्या तांबड्या पेशींचं द्रावण, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं, खाली बसलेल्या पेशी ठेवायच्या, वरचं पाणी ओतून द्यायचं. त्या पाण्याबरोबर काय काय गेलं, याची हळहळ अजून वाटते.

त्यात व्हेसिकल असतात: पेशींनी सोडलेल्या, पातळ पडद्यात बांधलेल्या पुड्या. १०० नॅनोमीटरच्या असतील तर एका तांबड्या पेशीच्या रुंदीत ७० तरी ओळीने मावतील. आत प्रथिनं, आरएनए, कधी डीएनएसुद्धा. पूर्वी याला पेशीचा कचरा म्हणत, आणि ते अगदीच चूक नव्हतं. तांबडी पेशी पक्व होताना नकोशी प्रथिनं अशीच बाहेर टाकते.

२०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचे दोन वाण घेतले, प्रत्येकात वेगळ्या औषधाला दाद न देणारं जनुक घातलेलं. दोन्ही औषधं एकदम दिली की दोघांनीही मरायला हवं. एकत्र वाढवल्यावर मात्र परजीवी तगले. जनुक पुड्यांतून पलीकडे पोचलं होतं. (रुग्णांमधला औषधरोध असाच पसरतो, असा अर्थ कृपा करून काढू नका. ती जनुकं प्रयोगशाळेत घातलेली होती.) मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्याच वर्षी संशोधकांच्या दोन गटांना दिसलेलं: या पुड्या मिळाल्या की जास्त परजीवी गॅमेटोसाइट होतात, म्हणजे डासामार्फत पुढे जाणारं रूप घेतात. एकेका पेशीत कोंडलेले असूनही त्यांना एकमेकांची खबर लागते!

आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा परजीवी, ट्रिपॅनोसोम, तर तांबड्या पेशीत शिरतच नाही, रक्तात मोकळा पोहतो. तरी रक्तक्षय होतो. तो का, याचं एक उत्तर २०१६ मध्ये मिळालं. त्याच्या शेपटीच्या पडद्याला बारीक नळ्या फुटतात, त्या तुटून व्हेसिकल बनतात आणि तांबड्या पेशीच्या पडद्यात मिसळून जातात. पडदा ताठर होतो, आणि शरीराच्याच भक्षकपेशी त्या पेशी गिळतात. आत पाऊलही न टाकता केलेली ही नासधूस वाचली, त्या दिवशी मी दुसरं काही काम करू शकले नाही.

"मग यावरून चाचणी निघेल का?" हा पुढचा प्रश्न. निघावी असं मनापासून वाटतं, विशेषतः व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीसाठी. तो यकृतात दडून बसला की रक्ताच्या काचपट्टीवर सापडत नाही. अडचण अशी, की रक्तात आपल्याच पेशींच्या, त्यातही बिंबिकांच्या (प्लेटलेट्सच्या), पुड्यांची प्रचंड गर्दी असते. त्या गर्दीतून परजीवीची खूण असलेली पुडी वेगळी काढायची. सध्या माझे दिवस त्या गाळणीतच जातात.