माळ्यावरच्या लाकडांची किंमत

कारखान्यातल्या यंत्रांची किंमत ठरवणं हा माझा धंदा. लेथ, प्रेस, भट्टी, कंप्रेसर, काहीही दाखवा, आज बाजारात त्याचे किती येतील ते सांगतो. बँकेच्या कर्जासाठी, विम्यासाठी, आणि हल्ली बऱ्याचदा वाटणीसाठी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या दुकानांत आता तिसरी पिढी गल्ल्यावर आहे. सख्खे भाऊ एकमेकांचं ऐकून घेतात. चुलत भावांचं गणित वेगळं असतं.

त्या दिवशीचं घराणं चरक, म्हणजे उसाचा रस काढायची यंत्रं, बनवणारं. नाव सांगत नाही. आजोबांनी इंजिनदुरुस्तीचं दुकान टाकलं ते दुसऱ्या महायुद्धात. विलायतेहून सुटे भाग येणं बंद झालं होतं. तुटका भाग बघून तसाच ओतून देणारा मेस्त्री सापडला की लोक त्याच्या दारात बसून राहायचे. कोल्हापुरातले कितीतरी कारखाने असेच उभे राहिले. आधी दुसऱ्याचं यंत्र दुरुस्त करायचं, मग त्याचे भाग करायचे, आणि मग धीर करून अख्खं यंत्रच बाजारात आणायचं. गिऱ्हाईक तर घरचंच होतं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली तेव्हापासून गुळाची पेठ इथं, आणि पंचक्रोशीत गुऱ्हाळं. आजोबांनी बैलाचा उभा घाणा केला. मुलांनी तीन लाटांचा (ऊस पिळणाऱ्या रुळांचा) आडवा चरक केला, आधी इंजिनवर चालणारा, मग मोटरवर. पुढं साखर कारखाने वाढले, गुऱ्हाळं कमी होत गेली. नातवांपैकी थोरल्यानं गोकुळ शिरगावला फाउंड्री आणि संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं टाकून ट्रॅक्टरच्या कास्टिंगचं काम धरलं. धाकटा उद्यमनगरात चरकावरच राहिला. उलाढाल थोरल्याची कितीतरी मोठी.

वाटणी सरस-निरस मानानं करायची ठरली होती. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. दोन पंच, एक वकील आणि मी. सकाळचं सत्र छान गेलं. सीएनसीच्या किमतीवर थोडी कुरबुर झाली, पण मी तशाच यंत्रांच्या जुन्या बाजारातल्या विक्रीची बिलं पुढं ठेवली आणि विषय मिटला. जेवणाला तांबडा-पांढरा होता. वाटणीच्या दिवशी एका पंक्तीत बसून जेवणारे भाऊ मी फार बघितलेले नाहीत, त्यामुळं संध्याकाळी लवकर सुटेन असं वाटलं.

जेवणानंतर माळा राहिला होता. माळ्यावर पॅटर्न. ओतकामासाठी वाळूत साचा उठवायला लागतात ते सागवानी नमुने: लाटांचे, गियरचे, बाजूच्या पाटांचे. भिंतभर रचलेले, प्रत्येकावर ऑइलपेंटनं नंबर, काहींना वाळवी लागायच्या बेतात. हिशेबाच्या वहीत यांची किंमत कधीच घसाऱ्यानं खाल्लेली. थोरल्याचा मुलगा लॅपटॉप घेऊन उभा होता. “सगळ्यांचं स्कॅनिंग झालंय, ड्रॉइंग तयार आहेत. लाकडांचं काय करायचं?” थोरला म्हणाला, “धाकल्याला दे. बंबात तरी घालंल.” धाकटा काही बोलला नाही. वकिलांनी लिहून घेतलं: लाकडी पॅटर्न, एकरकमी, धाकटी पाती.

इतक्यात ज्यांनी त्यातले निम्मे पॅटर्न स्वतः केले होते ते म्हातारे पॅटर्नमेकर जिना चढून आले. त्यांनी पोराला एक पाट काढून दाखवायला सांगितला. ड्रॉइंगवर माप बरोबर होतं, अगदी बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं म्हणून मीटरला दहा मिलिमीटर आटण सोडतात तीही धरलेली. मेस्त्रींनी मान डोलावली. मग पॅटर्न उलटा केला, दोन स्क्रू काढले आणि बेअरिंगच्या घरापाशी बसवलेला बोटभर जाडीचा तुकडा वेगळा करून पोराच्या हातात दिला.

“आता ह्यो पाट कंच्या नंबरच्या चरकाचा?”

पोरगं गप्प.

“तुकडा लावला तर नव्या बेअरिंगचा. काढला तर बुशाचा. आनि पलीकडचा तुकडा पालटला तर मधल्या वर्षांतला, तवा शाफ्ट जाड केलता. तुमच्या मशिनीत ह्यातला एकच आलाय.”

स्कॅन झाला त्या दिवशी पॅटर्न ज्या अवस्थेत होता तेवढंच लॅपटॉपमध्ये उतरलं होतं. पन्हाळ्याच्या खालच्या एखाद्या गावात चाळीस वर्षांपूर्वीचा चरक मोडला, तर ऐन गळितात त्याला कुठला पाट बसेल हे ड्रॉइंग सांगू शकत नव्हतं.

मी विचारलं, “मग तुम्हाला कसं कळतं?”

“वहीत हाय की.”

वही म्हणजे चरकांचं रजिस्टर. नंबर, गाव, मालक, कुठला शाफ्ट, कुठलं गियर, कधी काय बदललं. मी खाली येऊन शोधलं तर वही ऑफिसच्या गोदरेज कपाटात, आणि कपाट ‘आतील वस्तूंसह’ सकाळीच थोरल्याच्या वाट्याला गेलेलं. पॅटर्न एकाकडे, वही दुसऱ्याकडे.

मग मी सुट्या भागांच्या विक्रीचा खाताउतारा मागितला. नवे चरक वर्षाला मोजकेच जात होते. पण मागं विकलेल्या चरकांच्या लाटा, गियर, पाट यांची मागणी हंगामामागून हंगाम येत होती, आणि त्यावरचा नफा थोरल्याच्या ट्रॅक्टर कास्टिंगच्या टक्केवारीपेक्षा चांगला होता. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. त्याची काहील चुलवाणावर तापलेली असते. त्या नफ्यावरून मी माळ्याची किंमत मांडली आणि कागद पंचांपुढं सरकवला. थोरल्यानं तो दोनदा वाचला. बंबाचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर दिवेलागणीपर्यंत जे झालं त्याला भांडण म्हणणंच बरं. वही कुणाची, नाव कुणी वापरायचं, एकमेकांच्या मालात उतरायचं की नाही. वकिलांनी किर्लोस्करांच्या २००९ च्या कौटुंबिक कराराचा दाखला दिला. त्याच्या अर्थावरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. त्यांच्याकडं निदान वकिलांना द्यायला पैसे होते, असं एक पंच पुटपुटले.

तेव्हा मधल्या काकी बाहेर आल्या. मधले चुलते लवकर गेले, दोन्ही मुली सासरी. त्या पातीला राहतं घर आणि रोख रक्कम असं आधीच ठरलेलं. काकींनी वही उघडून माझ्यापुढं धरली. सगळी पानं एकाच अक्षरातली.

“हे अक्षर माझं हाय. मालक गेल्यापास्नं मीच लिवते. वही कुणाच्या वाट्यात घातलासा?”

भागीदारीपत्रात त्यांचं नाव कुठंच नव्हतं. माझ्या तक्त्यातही नव्हतं. आम्ही यंत्रं मोजतो. या घरात निदान वही सापडली. बाकी किती घरांत ती कपाटासकट भंगारात गेली असेल, कोण जाणे.

शेवटी सुट्या भागांचा धंदा वाटणीतून बाहेर काढला. वेगळी फर्म, तीन भागीदार, काकींचं नाव पहिलं. पॅटर्न जागेवरच, वही काकींकडं. थोरला नाराज होता, पण पंचांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि त्यानं सही केली. पुढं हे किती टिकेल याची हमी मी देणार नाही. तीन सह्यांचं बँक खातं चालवणं सोपं नसतं.

स्टॅम्पपेपर नव्यानं टाइप होत असताना मेस्त्रींनी विचारलं, “मग मी आता कुनाचा?”

“आमच्या तिघांचा,” धाकटा म्हणाला.

“बरं झालं. गेल्या दिवाळीचा बोनस ऱ्हायलाय. कोन देनार तेबी लिवा त्यात.”