ओढणारी चाके की ढकलणारी चाके

घरात पाच माणसे, सासूबाईंचे गुडघे दुखरे आणि वर्षातून दोन-तीनदा सप्तशृंगी गडावर जाण्याचा नेम, एवढे लक्षात घेऊन आम्ही नाशकात सेकंडहँड सात आसनी गाड्या पाहायला सुरुवात केली. मॉडेल कोणत्या सालचे आणि गाडी किती किलोमीटर चालली, हे सगळेच विचारतात; इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते की मागच्या, हे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते जुन्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न आधी विचारला पाहिजे, कारण तिच्यात काय झिजले असेल आणि खाली वाकून काय पाहायचे, हे त्यावरच ठरते.

2012 साली आलेली अर्टिगा फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे तिची ताकद पुढच्या चाकांना मिळते. 2005 ची इनोव्हा, नंतरची क्रिस्टा, बोलेरो आणि इको या रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. नावावर मात्र विसंबू नये, कारण इनोव्हाच्याच नावाने आलेली हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते. पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिन बहुधा आडवे बसवलेले असते आणि ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, लागत नाही. त्यामुळे वजन वाचते, इंधन कमी लागते आणि गाडीचा तळ खाली ठेवता येतो. सासूबाईंना आधार न घेता आत बसता आले, तेव्हा हा फायदा मला नीट कळला.

चढावर मात्र गणित बदलते. मागच्या वर्षी श्रावणात दिंडोरी तालुक्यातल्या माहेरी जाताना, मळ्याकडे चढणाऱ्या ओल्या कच्च्या रस्त्यावर आमच्या नात्यातली एक पुढच्या चाकांची गाडी अडली. सात जण बसलेले, डिकीत सामान. चाके जागच्या जागी फिरत होती आणि काळी माती दारांवर उडत होती. शेवटच्या ओळीतले दोघे उतरले, सामान काढले, तेव्हा गाडी वर गेली. चढावर वजन मागे सरकते, त्यात मागची ओळ भरलेली असली की पुढची चाके आणखी हलकी होतात आणि त्यांची पकड सुटते. मागच्या चाकांच्या गाडीत तेच ओझे ढकलणाऱ्या चाकांवरच येते. म्हणून ज्यांना कायम सात माणसे घेऊन सुरगाणा-पेठच्या डोंगराळ भागात जायचे आहे, त्यांनी रिअर व्हील ड्राइव्हच पाहावी, असे मी मनापासून सांगेन. तीच गाडी रिकामी असताना ओल्या रस्त्यावर, वळणात ॲक्सिलरेटर दाबला तर मागून घसरू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.

पसंत पडलेल्या एका पुढच्या चाकांच्या गाडीच्या तपासणीसाठी आम्ही ओळखीच्या मिस्त्रींना सोबत नेले. पाथर्डी फाट्याजवळच्या मोकळ्या मैदानात ते म्हणाले, "ताई, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा आणि हळूहळू गोल चालवा." डावीकडे वळताना काही नाही, उजवीकडे वळताना मोजता येईल इतका स्पष्ट टक-टक-टक आवाज येऊ लागला. मिस्त्रींनी खाली वाकून डाव्या चाकामागचा रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचे रबरी आवरण, दाखवला: घडीवर चिरलेला, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे. बूट फाटला की ग्रीस बाहेर पडते, धूळ-पाणी आत जाते आणि चाकाकडचा बाहेरचा जॉइंट, म्हणजे चाक वळले तरी त्याला ताकद पोचवणारा सांधा, खराब होतो. नुसता बूट बदलणे स्वस्त असते. आवाज सुरू झाल्यावर जॉइंटच बदलावा लागतो.

मागच्या चाकांच्या गाडीत ऐकायच्या गोष्टी वेगळ्या. क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना खालून 'खट्' असा आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा फुलीसारखा सांधा, झिजलेला असू शकतो. वेग वाढताना मागून घूं असा सूर येऊ लागला, तर डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, उघडून पाहावे लागते, आणि ते काम मोठे असते. त्याच्या बाहेरच्या कवचावर (हाउसिंगवर) ऑइल पाझरले आहे का, तेही पाहावे.

आमचा रोजचा प्रवास पाथर्डी फाटा ते सातपूर, गाडीत बहुधा तिघे. म्हणून आम्ही ती पुढच्या चाकांचीच गाडी घेतली, मात्र विक्रेत्याने डावा जॉइंट आणि दोन्ही बूट बदलून दिल्यावरच. नवरात्रात गडावर पाच जणांना घेऊन ती न अडता चढली; सामान मागच्या ओळीत न टाकता मधल्या सीटच्या पायाशी ठेवले होते.