भोंगा नसलेली नोकरी

दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्यांची रात्रीची जेवणे एक तास लांबतात. न्यूयॉर्कची सकाळी अकराची बैठक एरवी आमच्याकडे रात्री साडेआठला असते, ती थंडीत साडेनऊवर जाते. आईने पोळ्या किती वाजता करायच्या हे परक्या देशातल्या घड्याळावर ठरावे, याचे तिला अजूनही नवल वाटते.

बैठक संपली तरी कंपनीच्या चॅटवर नावापुढे दिसणारा, आपण कामावर हजर असल्याचा हिरवा ठिपका मालवायचा धीर होत नाही. एका सहकाऱ्याने त्यावर तोडगा काढला होता. तो माउसखाली मनगटी घड्याळ ठेवायचा. सेकंदकाटा फिरत राहिला की पडद्यावरचा बाण थरथरतो आणि माणूस जेवायला गेला तरी ठिपका हिरवाच राहतो. आम्ही हसलो खरे, पण त्याच आठवड्यात मी कपाटातले जुने घड्याळ शोधून काढले.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. गिरणीचे दिवस सुखाचे होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. कापसाच्या तंतूंनी त्यांची छाती कायमची धरली होती. मात्र पाळी सुटल्याचा भोंगा झाला, की पुढच्या पाळीपर्यंत त्यांच्या वेळेवर मालकाचा हक्क उरत नसे. कामगारांचा हा मोकळा वेळही आपोआप मिळालेला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून, सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी, आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. रविवारची सुट्टी पदरात पडायला १० जून १८९० उजाडावा लागला. ती सुट्टी आम्ही मात्र खिशातल्या फोनपायी बिनबोभाट परत करून टाकली.

गेल्या वर्षी मला पहाटे तीनला जाग येऊ लागली आणि न वाजलेला फोन वाजल्यासारखा वाटू लागला. त्याच सुमारास कंपनीने मानसिक आरोग्यावर व्याख्यान ठेवले, तेही शनिवारी सकाळी दहाला आणि हजेरी सक्तीची. दीर्घ श्वास कसा घ्यावा हे आम्हाला छान समजावले गेले. रात्री साडेदहानंतर येणाऱ्या निरोपांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. समुपदेशनाला माझा विरोध नाही. मी स्वतः त्याचा आधार घेतला, आणि ज्यांना खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवा विनामूल्य आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याला, आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले आहे, आणि हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण दुखण्याचे मूळ कामाच्या रचनेत असताना औषध केवळ कर्मचाऱ्याला पाजून भागत नाही. याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ साली मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. तरीही आपल्याकडचे नामवंत उद्योजक सत्तर तासांचा, नव्वद तासांचा आग्रह जाहीरपणे धरतात.

कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तशा आशयाचे खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

कायद्याची वाट न पाहता आमच्या गटातल्या सहा जणांनी एकत्र जाऊन व्यवस्थापकांशी बोलायचे ठरवले. एकट्याने बोललो असतो तर ते तक्रार समजले असते. दोन महिन्यांच्या घासाघिशीनंतर रोजची बैठक मंगळवार आणि गुरुवारपुरती उरली. बाकीचे तीन दिवस आई आठला तवा ठेवते. मंगळवारी आणि गुरुवारी माझे ताट अजूनही झाकलेलेच असते.