एवढा सुंदर कागद, आणि त्याची पट्टीच का?

दर वेळी असंच होतं. कुणीतरी माझा स्क्रॅपबुक अल्बम, म्हणजे फोटोंभोवती नक्षीचे कागद कापून-चिकटवून सजवलेली वही, मांडीवर घेतं, पाच-सहा पानं उलटतं, मग मान वर करून कपाटातल्या नक्षीच्या कागदांच्या थप्पीकडे बघतं. आणि प्रश्न येतो: "एवढे सुंदर कागद जमवलेस, आणि पानावर त्यांची बोटभर पट्टीच का लावतेस? दिसू दे की सगळा कागद!" आजवर 'मला साधंच आवडतं' असं सांगून मी वेळ मारून नेली. ते खरं नाही. मला भरगच्च नक्षी आवडते. वेली, मोठमोठी फुलं, जुन्या नकाशांसारखे छापलेले कागद, सगळं आवडतं. तुम्ही विचारलंत म्हणून, आणि पुन्हापुन्हा विचारता म्हणून, एकदा नीट सांगते.

आधी साधा हिशोब. माझं पान 12 इंच बाय 12 इंचांचं, म्हणजे 144 चौरस इंच. नेहमीचा 4 बाय 6 चा फोटो 24 चौरस इंचांचा, म्हणजे पानाचा सहावा हिस्सा. खाली नक्षीचा अख्खा ताव पसरला आणि वर एकच फोटो लावला तर पाच हिस्से नक्षी आणि एक हिस्सा माणूस. त्या नक्षीतलं एकेक फूल तीन इंचांचं असेल, तर फोटोतला चेहरा त्याच्यापुढे नखाएवढा. डोळा आधी मोठ्या आणि गडद आकाराकडे जातो, तो नातं बघून जात नाही. खात्री करायची असेल तर पान भिंतीला टेकवा, सहा पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करा. किंवा फोनवर पानाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. रंग निघून गेले की कळतं, आपण ज्याच्यासाठी पान केलं तो माणूस नक्षीत कुठे बुडाला ते.

म्हणून खाली साधा कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद. फोटोमागे मॅट, म्हणजे चौकटीसारखा दिसणारा कागद, चारी बाजूंनी इंचाचा आठवा भाग दिसेल एवढीच. मॅटचा मधला भाग तसाही फोटोखाली झाकला जातो, तो मी आधीच कापून काढते आणि दुसऱ्या पानाला वापरते. मग नक्षीची एक पट्टी, फार तर तीन: एक मोठ्या नक्षीची, एक मध्यम, एक अगदी बारीक ठिपक्यांची. रंग निवडताना फोटोत सगळ्यात जास्त असलेला रंग मी घेत नाही. अख्खं आभाळ निळं म्हणून निळा कागद लावला की फोटो पानात विरघळतो. त्यापेक्षा त्या मुलीच्या केसातल्या लाल रिबिनीचा लाल उचलावा, आणि तोही थोडाच. डोळा बरोबर रिबिनीपाशी जातो आणि तिथून चेहऱ्यावर येतो.

शिवाय दोन्ही बाजूंनी छापलेला कागद असतो ना, तो अख्खा चिकटवला की मागची बाजू कायमची मेली. पट्ट्या कापल्या तर दोन्ही बाजू जगतात. हे मला खरोखर महत्त्वाचं वाटतं.

तुमचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. मोठ्या फुलांच्या कागदाची इंचभर पट्टी कापली की फूल उरत नाही, नुसता रंग उरतो. ज्याने ती नक्षी रेखाटली त्याच्यावर हा अन्यायच आहे. कधी कधी मी एखादं फूल कडेकडेने अख्खं कापून घेते आणि फोटोच्या कोपऱ्याशी ठेवते, पण तेवढ्याने भरपाई होत नाही.

इथवरचं मी कुणालाही सांगते. आता ते पान.

वडील गेल्याला दोन वर्षं झाली होती. आईसाठी मी एक अल्बम करायला घेतला. तेव्हा माझी पानं आजच्यासारखी नव्हती. एका पानावर पाच-पाच, सहा-सहा नक्षी, कडेला फिती, कोपऱ्यात स्टिकर. कामावरून आल्यावर रात्री टेबलावर सगळं पसरून बसायचे आणि वेळ कसा जायचा कळायचं नाही. त्या सुमारास मला एक कागद मिळाला. गडद निळ्या रंगावर पिवळ्या फुलांचं मोठं वर्तुळ छापलेलं, आणि बरोबर मध्यभागी रिकामा गोल. तो गोल बघितल्याबरोबर मी ठरवलं की इथे बाबा. एकाऐवजी दोन ताव घेतले, चुकलं तर असावा म्हणून.

फोटो जुना होता, साडेतीन बाय पाचचा. बाबा खुर्चीत बसलेले, तरुण, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघून हसणारे. तसे हसताना ते फोटोत दुसरीकडे कुठेच नाहीत. निगेटिव्ह कधीच हरवलेली. तेवढी एकच प्रत.

आयताकृती फोटो त्या फुलांवर चढत होता. आडवा ठेवला तर दोन्ही बाजूंची फुलं झाकली जायची, उभा ठेवला तर वरची आणि खालची. मी बराच वेळ तो इकडून तिकडे सरकवला. मग गोल कापायचा कटर घेतला, साडेतीन इंचांवर लावला, टोक बाबांच्या छातीवर येणार नाही अशी काळजी घेऊन मधे पारदर्शक पट्टी ठेवली आणि फिरवला. गोल सुटला. दोन्ही बाजूंचे तुकडे खाली कापायला अंथरलेल्या चटईवर पडले. उजवीकडच्या तुकड्यात खुर्चीच्या पाठीचा कोपरा होता आणि त्यावर एक हात. मनगटापर्यंतच. चौकटीबाहेर उभ्या असलेल्या कुणाचा तरी.

तो हात मला दिसला नव्हता असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. दिसला होता. कापायच्या आधीच दिसला होता, आणि 'हा कुणाचा तरी हात उगीच मधे येतोय, बरं झालं, जाईल' असंच मनात आलं होतं.

फोटो गोलात तंतोतंत बसला. मागून सगळीकडे पातळ गोंद लावून पक्का चिकटवला. पान खरंच देखणं झालं होतं, हे आजही म्हणेन.

आईने अल्बम बघितला तेव्हा मी शेजारी बसले होते. त्या पानावर ती थांबली. फुलांवरून बोट फिरवलं, फोटोच्या उजव्या कडेपाशी आणलं आणि तिथेच ठेवलं. म्हणाली, "इथे माझा हात होता."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "फुलं छान आहेत गं," आणि तिने पान उलटलं.

त्या रात्री मी तुकड्यांचा डबा उलटा केला. नक्षीच्या कागदाचा नखाएवढा तुकडाही मी फेकत नव्हते, रंगवार पाकिटं होती. त्या निळ्या कागदाच्या कडेची कंपनीचं नाव छापलेली अर्ध्या इंचाची पट्टीसुद्धा सापडली. फोटोचे तुकडे सापडले नाहीत. ते मी फोटो कापला त्याच रात्री टेबल आवरताना कचऱ्यात टाकले होते. कागदाचा कपटा ठेवण्यासारखा वाटला आणि आईचा हात वाटला नाही.

आणखी एक गोष्ट मला राहून राहून टोचते. त्या वेळी मी सामानाबाबत अतिशय काटेकोर होते. कागद अ‍ॅसिड-फ्रीच हवा, लिग्निन-फ्रीच हवा. लाकडातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं आणि आम्ल कागदाचे धागे तोडत जातं, फोटोवर डाग धरतात, हे सगळं पाठ होतं. गोंद फोटोला बाधत नाही अशी चाचणी झालेला. अल्बमची प्लॅस्टिकची पाकिटं पीव्हीसीची नकोत, पॉलिप्रॉपिलीनची हवीत. पुढची पन्नास वर्षं त्या फोटोला काही होऊ नये याची सगळी तजवीज मी केली होती. आणि कटर मीच फिरवला.

स्कॅन करायला हवा होता. प्रत काढून ती कापायला हवी होती. आता मी जुना फोटो हातात आला की आधी स्कॅन करते, सहाशे डीपीआयला, आणि मूळ फोटोला पात्याचं टोकही लावत नाही. पण ही अक्कल त्या फोटोच्या कामाची नाही.

तेव्हाची मी या सगळ्यावर गप्प बसणारी नव्हती. ती म्हणेल, फोटो विटलेला होता, पाकिटात पडून कुणी बघतही नव्हतं, मी तो बाहेर काढला, त्याला जागा दिली. आई तरी किती वर्षांनी बघत होती तो? हे खोटं नाही. ती असंही म्हणेल की तुझ्या आजच्या पानांवर चूक होत नाही, कारण तू काही करतच नाहीस. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. माझी भाची घरी आली की जुनेच अल्बम मागते, ते भरगच्च. नव्या अल्बमची पानं ती भराभर उलटते. मी तिला थांबवून सांगते, बघ, इथे नजर कशी थेट चेहऱ्यावर जाते. ती बघते, 'हो' म्हणते, आणि पुन्हा फुलांचं पान काढते.

वाद अंगावर आला की मी इतिहास पुढे करते. मार्क ट्वेनने 1873 साली अमेरिकेत स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं ते पानांना आधीच गोंद लावलेल्या वहीचं. ओलं करायचं आणि कात्रण चिकटवायचं, एवढंच. कात्रण जपणं हाच उद्देश, नक्षीचा संबंध नव्हता. दाखला खरा आहे, पण मी तो देते तेव्हा मला ठाऊक असतं की तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. वही गोंदाची होती म्हणून मी पट्ट्या लावते असं थोडंच आहे.

आणि वर केलेला माझा चौरस इंचांचा हिशोबही पुरता प्रामाणिक नाही. फोटो मोठा करून घेतला की सगळं गणित बदलतं. 8 बाय 10 चा फोटो 80 चौरस इंचांचा होतो, निम्म्याहून जास्त पान त्याचं. तो ब्लॅक अँड व्हाइट असेल आणि चेहरा जवळून घेतलेला असेल तर खाली कितीही दाट नक्षीचा ताव चालतो, उलट खुलतो. मी एकदा तसं पान केलं आहे, भाचीचंच. अख्खा ताव, एक तुकडा न कापता. सगळ्यांना आवडलं, मलाही आवडलं. म्हणजे जमत नाही असं नाही. तरी दुसरं पान करताना हात पुन्हा कागद कापायच्या ट्रिमरकडे गेला आणि मी एक इंचाची पट्टी कापली.

तेव्हा तुम्ही 'मांडणीचा नियम आहे का?' असं विचाराल तर हो, आहे, आणि तो मी वर सांगितला. पण तो नियम मी आधी शिकले आणि मग पट्ट्या कापू लागले असं झालेलं नाही. आधी आईचं बोट त्या कडेवर थांबलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला नक्षीचा कागद पानावर ठेवायचीच भीती वाटायची. मग थोडा थोडा ठेवायला लागले. डोळा कुठे जातो, फूल किती मोठं, चेहरा किती लहान, हे सगळं मी नंतर वाचलं, करून बघितलं, आणि ते बरोबर निघालं याचा मला आधार वाटला.

मागच्या वर्षी आईला म्हटलं, ते पान काढून दुसरं लावू का? बाबांचे इतर फोटो आहेत, नीट प्रती काढल्या आहेत. ती म्हणाली, "राहू दे. मला माहितीये कुठे होता तो." मी कुठल्या बाजूला ते पुन्हा विचारलं नाही. पान तसंच आहे.

त्या कागदाचा दुसरा ताव अजून थप्पीत आहे. निळा, पिवळ्या फुलांचा, मधे रिकामा गोल. एवढ्या वर्षांत त्याची पट्टीसुद्धा कापलेली नाही. थप्पी चाळताना तुम्ही हमखास तोच बाहेर ओढता आणि विचारता, याचं काय करणार आहेस? ते अजून ठरलेलं नाही.