ब्रनोत ऑर्केस्ट्रासाठी शीट म्युझिक जमवताना – माझा अनुभव

मी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोमध्ये आयटीत आहे आणि इथल्या एका हौशी स्ट्रिंग ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. यंदा शीट म्युझिक जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. प्रोग्रॅम सगळा चेक संगीतकारांचा, यानाचेकची इडिल, द्वोर्झाकची स्ट्रिंग सेरेनेड आणि मार्टिनूची पार्तिता.

इडिलचा जुना सेट ऑर्केस्ट्राच्या कपाटात होताच. (१८७८ला ती ब्रनोतच पहिल्यांदा वाजली तेव्हा खुद्द द्वोर्झाक ऐकायला हजर होता, म्हणून दोघं एकाच कार्यक्रमात हवेत हा आमच्या कंडक्टरबाईंचा हट्ट.)

सेरेनेडवर मात्र वाद झाला. द्वोर्झाक १९०४ला गेला, कॉपीराइट कधीच संपला, नेटवर फुकट स्कॅन आहेत तर पैसे कशाला घालवायचे असं सगळ्यांचं म्हणणं. पण ते स्कॅन १८७९च्या बर्लिनच्या छपाईचे, आणि त्यात स्केर्त्सो आणि फिनाले या दोन भागांमधले काही बार (तालाची घरं) गाळलेत, बेरेनरायटर या प्रकाशकाच्या नव्या आवृत्तीत ते परत मिळतात. शिवाय त्या काळच्या पार्ट्सवर (म्हणजे एकेका वाद्यापुरत्या कागदांवर) बार नंबरच नसतात, त्यामुळे बाईंनी नव्या स्कोअरमधून (सगळी वाद्यं एकत्र असलेल्या प्रतीतून) 'बार अमुकपासून' म्हटलं की आम्ही सगळे बोटाने मोजत बसणार. शेवटी नवा सेट घेतला. आणि एक सेट घेऊन झेरॉक्स मारू हा आपला देशी उपाय इथे काढूच नका, खाजगी वापरासाठी झेरॉक्सची जी सूट चेक कायद्यात आहे त्यातून छापील शीट म्युझिक सरळ वगळलंय.

खरी दमछाक मार्टिनूने केली. तो गेला १९५९ला, इथे ७० वर्षांचा नियम, म्हणजे २०२९ संपेपर्यंत हक्क शाबूत. आपल्याकडे ६० वर्षं, त्यामुळे भारतात तो २०२०लाच मोकळा झाला, पण त्याचा मला इथे काय उपयोग! या बाबाने जवळपास ४०० कृती लिहिल्यात, नावंही एकसारखी, म्हणून आधी एच नंबर, म्हणजे त्याच्या कृतींच्या यादीतला क्रमांक शोधा (१९३१च्या पार्तिताचा एच २१२), प्रागच्या मार्टिनू इन्स्टिट्यूटच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये मिळतो. मग प्रकाशकाला मेल. आम्हाला पार्ट्स भाड्यानेच मिळाले, आणि त्याआधी तारीख, हॉल, किती खुर्च्या, तिकीट आहे का, किती प्रयोग असं सगळं विचारलं. पार्ट्स किती हवेत ते सांगताना माणसं मोजायची नाहीत, स्टँड मोजायचे, कारण स्ट्रिंग्जमध्ये दोघांत एक पार्ट. भाडं मुदतीवर असतं, म्हणून मी ऑर्डर पहिल्या तालमीच्या जरा आधीचीच दिली. पार्ट्स आले ते आधीच्या लोकांच्या पेन्सिलच्या खुणांसकट, त्यातलं व्हायोलाचं फिंगरिंग (कुठलं बोट कुठे त्याच्या खुणा) तर मी तसंच ठेवलं, चांगलं होतं. परत पाठवताना मात्र सगळं खोडून द्यायचं.

भाडं भरलं म्हणजे झालं असं नाही हं, वाजवायची परवानगी वेगळी. ती ओएसए नावाच्या, संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडून, कार्यक्रमाआधी प्रोग्रॅम कळवून. द्वोर्झाक-यानाचेकचं काही लागत नाही, मार्टिनूचं लागतं. आमचे खजिनदार म्हणतात पुढचा मार्टिनू आता २०३०मध्येच वाजवू. पण पार्ट्स विकायलाच नसले तर भाडं तेव्हाही सुटणार नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.